मनाचा त्रास आणि आपण शोधलेले उतारे

“छातीत धडधडायला लागलं म्हणून रात्री दीडला दवाखाना गाठला. ईसीजी काढला, नॉर्मल आला. डॉक्टर म्हणाले, काही नाही, टेन्शन घेऊ नका. चार दिवसांनी कंपनीच्या बसमध्ये पुन्हा तेच. आता बसचीच भीती वाटते, म्हणून रजा टाकून घरी बसलोय.” नाशिकच्या सिडकोतल्या एका वाचकाचं हे पत्र. निफाड तालुक्यातल्या एक ताई विचारतात, “द्राक्षाचे पैसे व्यापाऱ्याकडे अडकल्यापासून हे रोज घेऊ लागलेत. बोलायला गेलं की अंगावर येतात. याला व्यसन म्हणायचं की आजार?” गंगापूर रोडला खोली घेऊन स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणारा एक मुलगा लिहितो, की पुस्तक उघडलं की पोटात गोळा येतो, म्हणून मोबाईल उघडतो आणि तो पहाटे तीनला बंद होतो.

तिन्ही पत्रांत दोन-दोन गोष्टी आहेत. एक मनाचा त्रास, आणि दुसरा त्यावर स्वतःच शोधलेला उतारा. घरच्यांचं लक्ष बहुधा उताऱ्याकडे जातं. दारूचा वास येतो, मोबाईलचा उजेड दिसतो, आरडाओरडा ऐकू येतो. खालचा त्रास ना दिसतो, ना ऐकू येतो. मग ‘दारू सोड’, ‘मोबाईल ठेव’, ‘कामावर जा’ यावरच महिनोन्महिने भांडणं होत राहतात. उतारा हिसकावण्याआधी तो कशावर घेतला जातोय ते बघा, आणि उपचार दोन्हींवर एकदम करा, असं माझं सांगणं आहे. ते कसं करायचं, त्यासाठी हा लेख.

दुःख कुठे संपतं, आजार कुठे सुरू होतो

काढणीला आलेल्या बागेवर गारा पडल्या तर कुणालाही रडू येईल. कांद्याचा भाव कोसळला, नोकरी गेली, घरातलं माणूस गेलं, तर झोप उडणारच. त्याला आजार म्हणायची घाई करू नका. पण ‘परिस्थितीच अशी आहे’ म्हणून आजार नाहीच, असंही समजू नका. कारण खरं असलं तरी आजार होऊ शकतो. पाय घसरून पडल्याचं कारण माहीत असलं तरी मोडलेलं हाड मोडलेलंच असतं.

स्वतःला किंवा घरच्या माणसाला तीन गोष्टी विचारा. दिवसाचा बहुतेक वेळ असं वाटण्याला दोन आठवडे होऊन गेले का? रोजचं काम, आंघोळ, स्वयंपाक, शेत, अभ्यास यांत खंड पडलाय का? आधी जे आवडायचं, भजन, क्रिकेट, नातवंडं, त्यातही मन लागेनासं झालंय का? तिन्हींचं उत्तर ‘हो’ असेल तर डॉक्टरांकडे जायची वेळ झाली आहे.

आपल्याकडे कुणी ‘मला नैराश्य आलंय’ असं म्हणत नाही. ते वेगळ्याच शब्दांत बाहेर येतं, आणि ते शब्द ओळखता आले पाहिजेत.

- ‘करमत नाही’, ‘कशातच राम वाटत नाही’, ‘अंगात त्राण नाही’, ‘पहाटे तीनला जाग येते ती येतेच’: यामागे उदासीचा आजार असू शकतो.
- ‘सारखं काहीतरी वाईट होईल असं वाटतं’, ‘मान-पाठ आखडलेली असते’, ‘पोट ठीक नसतं’, ‘डोक्यात चक्र थांबत नाही’: हे चिंतेच्या आजाराचं बोलणं आहे.
- ‘जीव घाबरा होतो’, ‘श्वास पुरत नाही, आत्ता मरणार असं वाटतं’: हा भीतीचा झटका असतो. तो साधारण दहा मिनिटांत टोकाला जातो आणि मग ओसरतो. पहिल्यांदा छातीत दुखलं, विशेषतः चाळिशी उलटली असेल, शुगर किंवा बीपी असेल, तर हृदयाची तपासणी करून घ्याच. ती एकदा नीट झाली, की दर वेळी नवा दवाखाना गाठू नका; मनोविकारतज्ज्ञांकडे जा.
- पुरुषांमध्ये उदासी पुष्कळदा रागाच्या रूपाने येते. पूर्वी शांत असलेला माणूस जेवणाचं ताट भिरकावू लागला, तर ‘डोकं फिरलंय’ म्हणून सोडून देऊ नका.

आणखी एक. थायरॉईडचा बिघाड, हिमोग्लोबिन कमी असणं, बी-१२ ची कमतरता यांतूनही थकवा, उदासी, चिडचिड येते. म्हणून या साध्या रक्ततपासण्या आधी करून घेणं शहाणपणाचं. बाळंतपणानंतर दोन आठवडे उलटूनही बाईचं रडू थांबत नसेल, बाळाकडे बघावंसं वाटत नसेल, तर ‘पहिलटकरीण आहे, होतं असं’ म्हणू नका. तो आजार असतो आणि तो बरा होतो.

तुम्ही एकटेच आहात असं वाटत असेल तर एक आकडा सांगते. बंगळूरच्या निम्हान्स संस्थेने २०१५-१६ मध्ये १२ राज्यांत केलेल्या राष्ट्रीय पाहणीत दर शंभर प्रौढांमागे दहा-अकरा जणांना त्या वेळी कुठला ना कुठला मानसिक आजार असल्याचं दिसलं. त्यांतल्या बहुतेकांपर्यंत उपचार पोचलेच नव्हते.

उतारे: पहिल्या दिवशी उपयोगी, सहाव्या महिन्यात नवं दुखणं

उतारा लागू पडतो, म्हणून तर त्याची सवय लागते. हे आधी मान्य करू. ‘त्याला कळतच नाही’ असं म्हणणाऱ्यांना हेच उमगत नाही, की त्याच्या दृष्टीने त्या क्षणी दुसरं काही चालतच नाही.

दारू. निफाडच्या ताईंनी यजमानांना शांतपणे विचारलं तर उत्तर बहुधा येईल, ‘झोप येत नाही.’ दारूने झोप येते हे खरं, पण ती मध्यरात्रीनंतर मोडते. पहाटे जाग येते तेव्हा धडधड आणि चिंता आदल्या दिवशीपेक्षा जास्त असते. मग दुसऱ्या रात्री क्वार्टर जास्त. काही महिन्यांत दारूच उदासी वाढवू लागते आणि माणसाला वाटतं, की त्या उदासीवर दारू हेच औषध. इथे अडकलेल्या पैशाचा प्रश्नही तितकाच खरा आहे. त्यावर पोलिसांत तक्रार, बाजार समितीकडे अर्ज, वकिलाचा सल्ला यांतलं काहीतरी सुरू झालं नाही, तर नुसत्या समुपदेशनाने भागणार नाही.

झोपेची गोळी. शेजारणीला लागू पडली म्हणून आणलेली, किंवा दोन वर्षांपूर्वीच्या चिठ्ठीवर अजून मिळत असलेली. अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम या जातीच्या गोळ्या थोड्या दिवसांसाठी, डॉक्टरांच्या देखरेखीखाली उपयोगी असतात. रोज घेत गेलं तर त्यांची सवय लागते, डोस वाढत जातो, म्हातारपणी तोल जाऊन पडण्याचा धोका वाढतो. दारूबरोबर त्या कधीही घेऊ नयेत. दोन्ही मिळून श्वास मंदावू शकतो. आणि बरेच महिने घेत असाल तर एकदम बंदही करू नका. त्या डॉक्टरांनी उतरत्या क्रमाने सोडवायच्या असतात.

मोबाईल आणि पैशांचे खेळ. रील्सचा उतारा स्वस्त वाटतो, पण तो झोप खातो आणि कमी झोपेने दुसऱ्या दिवशीची भीती वाढते. ऑनलाइन रमीचं दुखणं त्याहून गंभीर. हरलेले पैसे परत मिळवायला पुन्हा खेळायचं, मग मित्राकडून उसने, मग ॲपवरचं कर्ज. ऑगस्ट २०२५ मध्ये पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर देशभर बंदी घालणारा कायदा झाला. त्यातल्या शिक्षा खेळ चालवणाऱ्यांसाठी आणि त्याची जाहिरात करणाऱ्यांसाठी आहेत. तेव्हा अडकलेल्या मुलाने ‘पोलीस मलाच धरतील’ या भीतीने लपवत राहू नये. कर्जाची पूर्ण रक्कम एकदा कागदावर लिहून घरातल्या एका माणसाला दाखवणं, ही सुटकेची पहिली पायरी.

टाळणं. याची कुणी तक्रार करत नाही, कारण त्याचा आवाज नसतो. बसमध्ये घाबरायला झालं म्हणून बस टाळली. मग मॉल टाळला, लग्नकार्य टाळलं, शेवटी एकटं घराबाहेर पडणं टाळलं. बँकेचं पाकीट न उघडता कपाटावर ठेवलं, वसुलीवाल्याचा फोन उचलला नाही. प्रत्येक टाळण्याने लगेच हायसं वाटतं आणि भीती बोटभर वाढते. सिडकोच्या वाचकांना मी म्हणेन, रजेवर राहून ही भीती जाणार नाही. उपचार सुरू करा, आणि बसने आधी एक थांबा जा, सोबत कुणाला तरी घेऊन. झटका आला तर उतरू नका. श्वास हळूहळू बाहेर सोडत राहा, तो ओसरतो. तो ओसरेपर्यंत तुम्ही बसमध्ये होतात, हे मनाला स्वतः पाहू द्या. दुसऱ्या आठवड्यात दोन थांबे.

कामात बुडून जाणं. पहाटे पाचपासून रात्री अकरापर्यंत राबणाऱ्या, दर वाराचा उपास धरणाऱ्या, ‘मला काय झालंय’ म्हणणाऱ्या बायकांकडे मला मुद्दाम लक्ष वेधायचं आहे. रिकामा वेळ मिळाला की रडू येतं, म्हणून त्या रिकाम्या राहत नाहीत. घराला हे सोयीचं असतं, म्हणून कुणी अडवत नाही. अंगदुखी, डोकेदुखी, ॲसिडिटी यांच्या फायली मात्र जाड होत जातात. आणि घरात मारहाण, छळ होत असेल, तर तो त्रास तुमच्या मनाचा दोष नाही. गोळी घेऊन मारहाण थांबत नाही. १८१ ही महिलांसाठीची हेल्पलाइन आहे, आणि २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली संरक्षण मागता येतं.

स्वतःला इजा करणं. काही तरुण मुलं-मुली आतली घुसमट सहन होईना की स्वतःला जखमा करून घेतात. हात दिसले की आईवडील हबकतात, ओरडतात, ‘नाटकं’ म्हणतात. ओरडू नका. जखमेवर मलमपट्टी करा, ‘तुला फार त्रास होतोय, आपण मदत घेऊ’ एवढं बोला आणि त्याच आठवड्यात तज्ज्ञांना दाखवा.

तुमची एखादी सवय उतारा झाली आहे का, हे चार प्रश्नांतून कळतं: ती एकटं असताना किंवा लपून होते का? पूर्वी पुरायचं तेवढ्यात आता भागत नाही का? एक दिवस नाही केलं तर काय होतं? आणि ती करायच्या अगदी आधी मनात काय असतं? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आठवडाभर वहीत लिहा. वेळ, जागा, मनात काय होतं, तीन शब्दांत. हीच वही तुम्ही डॉक्टरांना दाखवायची आहे.

सोडवताना होणाऱ्या चुका

‘न सांगता दारू सोडवा’ अशा जाहिराती तुम्ही स्टँडवर, रिक्षांच्या मागे पाहिल्या असतील. जेवणात, चहात चोरून पावडर किंवा गोळी मिसळण्याचा हा सल्ला जिवावर बेतू शकतो. डायसल्फिराम नावाचं औषध पोटात असताना माणूस प्यायला, तर रक्तदाब कोसळून तो दगावू शकतो. हे औषध डॉक्टर देतात, पण माणसाला पूर्ण सांगून, त्याच्या संमतीने. शिवाय चोरी उघडकीस आली की त्याचा घरच्या जेवणावरचा विश्वास कायमचा उडतो.

दुसरी चूक, बरीच वर्षं रोज भरपूर पिणाऱ्याला एका दिवसात बंद करायला लावणं. शेवटच्या घोटानंतर काही तासांत हात थरथरणं, घाम, उलट्या सुरू होतात. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते, आणि दोन ते चार दिवसांत माणूस भ्रमात जाऊन असंबद्ध बोलू लागतो, नसलेलं दिसू लागतं. ही तातडीची अवस्था आहे. रुग्णालयात न्यावंच लागतं. आपल्याकडे निवृत्तिनाथांच्या वारीला जाऊन माळ घातली आणि दारू सुटली, अशी माणसं गावोगावी आहेत. माळेचा आधार फार मोठा आहे आणि मी तो कमी लेखणार नाही. फक्त माळ घालायच्या आधी डॉक्टरांना भेटून पहिल्या आठवड्याची औषधं घ्या. शपथ पाळायला शरीराचीही मदत लागते.

तिसरी चूक, रिकामी झालेली वेळ तशीच ठेवणं. संध्याकाळी सात ते नऊ माणूस गुत्त्यावर असायचा. आता त्या दोन तासांत तो कुठे असणार, कुणाबरोबर, हे आधी ठरवा. तेवढ्या वेळात त्याला पैसे देऊन एकट्याला बाजारात धाडू नका.

चौथी, हाती लागेल त्या व्यसनमुक्ती केंद्रात टाकून येणं. दारू आणि इतर नशेशी निगडित मानसिक आजार २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याच्या कक्षेत येतात. त्यामुळे अशा केंद्राची नोंदणी हवी. जाण्याआधी हे बघा:

- नोंदणी प्रमाणपत्र दाखवतात का? मनोविकारतज्ज्ञ कोण आणि ते कोणत्या दिवशी येतात?
- घरच्यांना भेटू देतात, फोनवर बोलू देतात का? ‘महिनाभर तोंडही बघायचं नाही’ म्हणणाऱ्या ठिकाणापासून लांब राहा.
- मारहाण, बांधून ठेवणं होतं असं कुणी सांगितलं, तर तिथे पाऊल टाकू नका. साखळीने बांधायला कायद्यानेच बंदी आहे.
- बाहेर पडल्यावर पाठपुरावा कसा करतात? पाठपुरावा नसलेले तीन महिने बहुधा वाया जातात.

नमुना म्हणून पुण्याच्या मुक्तांगणकडे पाहता येईल. डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी १९८६ मध्ये ते सुरू केलं, पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांच्या मदतीने. तिथे पत्नींसाठी ‘सहचरी’ नावाचा गट आहे. व्यसन एकाचं असलं तरी आजारी अख्खं घर पडतं, हे ओळखून ही व्यवस्था केलेली आहे. अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसच्या सभा मोफत असतात, मराठीतून चालतात, नाव-गाव सांगावं लागत नाही. घरच्यांसाठी अल-अनॉन आहे. नवरा जायला तयार नसेल तर तुम्ही आधी जा, ताई. अनेक घरांत बदलाची सुरुवात तिथून होते.

कुणाकडे जायचं

मनोविकारतज्ज्ञ म्हणजे एमबीबीएसनंतर मनोविकारशास्त्रात एमडी किंवा डीपीएम केलेले डॉक्टर. औषध तेच लिहून देतात. चिकित्सा मानसशास्त्रज्ञ औषध देत नाहीत. ते चाचण्या आणि मानसोपचार करतात, आणि त्यांची भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी असते. समुपदेशक ताणतणाव, नातेसंबंध, अभ्यास यांवर बोलून मदत करतात. हे नाव कुणीही लावू शकतं, म्हणून शिक्षण आणि अनुभव विचारा. विचारल्याचा राग येत असेल तर दुसरीकडे जा.

खर्चाची अडचण असेल तर त्र्यंबक रोडवरच्या जिल्हा रुग्णालयात केसपेपर काढून मनोविकार विभागात जा. तालुक्याच्या रुग्णालयात जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाचं पथक कोणत्या दिवशी येतं, ते तिथे किंवा आशाताईंकडे विचारा. सुरगाणा, पेठ, इगतपुरीच्या माणसाची त्यामुळे नाशिकची एखादी खेप वाचू शकते. सातपूर-अंबडच्या कारखान्यांत काम करणाऱ्यांनी ईएसआय कार्ड विसरू नये. त्यावर मानसिक आजाराचेही उपचार होतात, आणि डॉक्टरांच्या दाखल्यावर वर्षातून ९१ दिवसांपर्यंत वेतनाच्या ७० टक्के आजारपणाचा लाभ मिळू शकतो. कंत्राटी असलात आणि पगारातून ईएसआय कापलं जात असेल, तर तुमचाही तो हक्क आहे.

घराबाहेर पडवतच नसेल तर १४४१६ लावा. ही ‘टेली-मानस’ची सरकारी सेवा १० ऑक्टोबर २०२२ ला सुरू झाली. मोफत, चोवीस तास, मराठीतून. नशेबद्दल बोलायचं असेल तर १४४४६.

विद्यार्थ्यांसाठी एक नवी गोष्ट. जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिलेल्या निर्देशांनुसार शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थांनी प्रशिक्षित समुपदेशक नेमायचा आहे, आणि खासगी क्लासेसही त्यात येतात. फी भरताना पालकांनी हे जरूर विचारावं.

गोळ्यांविषयी, थोडक्यात

उदासी आणि चिंतेवर आज जी मुख्य औषधं दिली जातात, त्यांची दारूसारखी किंवा झोपेच्या गोळीसारखी चटक लागत नाही. त्यांचा गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात. सुरुवातीला मळमळ, थोडी अस्वस्थता होते, आणि नेमकं याच काळात लोक ‘लागू पडत नाही’ म्हणून सोडतात. बरं वाटल्यावरही साधारण सहा महिने ते वर्षभर घ्यावी लागतात, मग डॉक्टर हळूहळू कमी करतात. मधेच बंद केली तर चक्कर, बेचैनी येते. त्याला सवय लागली असं समजू नका. काहींना पुन्हा पुन्हा त्रास होतो आणि जास्त काळ औषध लागतं, बीपीसारखंच. आजार सौम्य असेल तर नुसत्या मानसोपचारानेही बरं वाटू शकतं. ‘गोळीशिवाय काही करता येईल का?’ हा प्रश्न डॉक्टरांना बिनधास्त विचारा.

मुलीचं लग्न ठरलं म्हणून गोळ्या लपवायच्या, मग सासरी घेता येत नाहीत म्हणून बंद करायच्या, आणि तीन महिन्यांत आजार उसळायचा, हे फार घरांत घडतं. लग्नाआधी सांगा. सांगितल्याने मोडणारं लग्न नंतर कळल्यावर टिकलं नसतं.

पूजा, नवस आणि भगत

त्र्यंबकेश्वरला शांती करायची असेल, वणीच्या गडावर जायचं असेल, जा. श्रद्धेने मन स्थिर होत असेल तर ते मोलाचंच आहे. दोन पथ्यं पाळा: औषध बंद करू नका, आणि पूजेसाठी कर्ज काढू नका. ज्या घरात कर्जाच्या काळजीने माणूस आजारी पडलाय, तिथे आणखी कर्ज काढणं म्हणजे आजाराला खतपाणी. भूत उतरवण्याच्या नावाखाली बांधून मारणं, मिरचीची धुरी देणं हे महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे. नातेवाइकाने केलं तरी.

घरात कुणी जगण्याला कंटाळलं असेल तर

‘माझ्यामागे तुमचं बरं होईल’, ‘आता सगळं आवरायचं’ असं बोलणं, कागदपत्रं घाईने लावून ठेवणं, जवळच्या वस्तू वाटून टाकणं, खूप दिवसांच्या उदासीनंतर अचानक शांत होणं, हे हलक्यात घेऊ नका. सरळ विचारा: “तुमच्या मनात जीव द्यायचे विचार येतात का?” असं विचारल्याने विचार डोक्यात भरत नाही. उलट कुणीतरी विचारलं याने ओझं उतरतं. ‘हो’ म्हणाले तर उपदेश नको, मुलाबाळांची शपथ नको. ऐका. एकटं सोडू नका. १४४१६ लावा; प्रसंग तातडीचा असेल तर १०८ किंवा ११२.

द्राक्षबागा असलेल्या घरांना एक कळकळीची विनंती. डावणी-भुरीच्या फवारणीची औषधं खाटेखाली, ओसरीवर, मोटारीच्या खोलीत असतात. ती पेटीत कुलूपबंद करा, किल्ली दुसऱ्याकडे द्या. जमलं तर काही दिवस शेजाऱ्याकडे ठेवा. घरातली औषधंही तशीच. मरावंसं वाटण्याची लाट पुष्कळदा थोड्या वेळाची असते, आणि त्या वेळात साधन हाताशी नसेल तर जीव वाचतो. श्रीलंकेने अतिविषारी कीटकनाशकांवर टप्प्याटप्प्याने बंदी आणली, आणि १९९५ नंतर तिथलं आत्महत्यांचं प्रमाण निम्म्याहून खाली आलं. एक कुलूप पन्नास-शंभर रुपयांचं असतं.

तुमचे हक्क

२०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा २९ मे २०१८ पासून लागू आहे. त्यातलं रोजच्या कामाचं तेवढं सांगते.

- जीव द्यायचा प्रयत्न केलेल्या माणसाला ‘पोलीस केस होईल’ या भीतीने घरी ठेवू नका. हा कायदा असं मानतो, की तो माणूस तीव्र ताणाखाली होता. त्याला शिक्षा न करता सरकारने त्याची काळजी घ्यायची आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत आत्महत्येच्या प्रयत्नाला शिक्षा सांगणारं जुनं ३०९ कलमही राहिलेलं नाही. रुग्णालय पोलिसांना कळवेल, जबाब होईल. त्याला घाबरू नका.
- सरकारी व्यवस्थेत मानसिक उपचार मिळणं हा हक्क आहे. दारिद्र्यरेषेखालील कुटुंबाला ते मोफत मिळायला हवेत.
- तुमची माहिती गुप्त राहिली पाहिजे. डॉक्टर ती तुमच्या साहेबांना किंवा सोयऱ्यांना सांगू शकत नाहीत. जिवाला धोका असेल तेव्हा आणि कायद्याने सांगितलेल्या मोजक्या प्रसंगांतच याला अपवाद आहे.
- आजारी पडल्यास कोणते उपचार हवेत, कोणते नकोत, हे आधीच लिहून ठेवता येतं, आणि तुमच्या वतीने निर्णय घ्यायला विश्वासू माणूस नेमता येतो. तो नवरा किंवा भाऊच असला पाहिजे असं नाही.
- इच्छेविरुद्ध दाखल करताना दोन तज्ज्ञांची स्वतंत्र तपासणी लागते आणि मुदत पहिल्यांदा ३० दिवसांपर्यंतच असते. त्याविरुद्ध मानसिक आरोग्य पुनर्विलोकन मंडळाकडे दाद मागता येते.
- आरोग्य विम्यात मानसिक आजारालाही शारीरिक आजाराइतकंच संरक्षण द्यायचं आहे. विमा प्रतिनिधी ‘यात बसत नाही’ म्हणाला तर लेखी मागा.

वकील परवडत नसेल तर जिल्हा न्यायालयातल्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा, किंवा १५१०० लावा. स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्ती आणि मानसिक आजार असलेल्या व्यक्तींना तिथे मोफत वकील मिळतो. व्यापाऱ्याकडे अडकलेल्या पैशाच्या चौकशीसाठी निफाडच्या ताईंनी आधी इथेच जावं.

पहिल्यांदा जाताना

सकाळी लवकर जा; बाह्यरुग्ण विभागात गर्दी असते. बरोबर एक माणूस न्या, पण थोडा वेळ डॉक्टरांशी एकट्याने बोलायला मागा. चालू असलेल्या सगळ्या गोळ्या, आयुर्वेदिक पुड्यांसकट, पिशवीत घ्या. दारू, तंबाखू, झोपेची गोळी खरी जितकी घेता तितकीच सांगा. कमी सांगितली तर औषधाचा हिशेब चुकतो. आठवडाभराची ती वही विसरू नका. घाबरून सुचत नसेल तर बोलू नका, वहीच पुढे करा. निघताना तीन गोष्टी विचारून घ्या: मला काय झालंय, औषध किती दिवस, आणि मधे त्रास वाढला तर कुणाला भेटू. पुढची तारीख केसपेपरवर लिहून घ्या आणि तो केसपेपर रेशनकार्डाबरोबर ठेवा. पुढच्या खेपेला तोच लागतो.